नारू विभागातला शेवटचा माणूस

माझ्या मामाने उभ्या आयुष्यात लोकांना एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ यावं म्हणून सरकारने त्याला पगार दिला. तुमच्याकडे नारू आहे का, एवढाच तो प्रश्न.

नारू म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं यातच मामाची सगळी नोकरी आली. उघड्या तळ्याचं पाणी न गाळता प्यायलं की त्यातल्या बारीक किड्यांबरोबर नारूची पिल्लं पोटात जातात. वर्षभर काही कळत नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर लांब किडा डोकं बाहेर काढतो. त्याला ओढून काढायची सोय नाही, तुटला की आत सडतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. पायाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, तिथे किडा पुन्हा पिल्लं सोडतो, आणि पुढच्या वर्षी ते पाणी पिणारे सगळे आडवे. यावर ना लस, ना औषध. पाणी कापडातून गाळा, फुटलेला पाय पाण्यात घालू नका, एवढं सांगायचं, आणि कुठे कुणाला झालाय का ते विचारत राहायचं.

मी एकदा मामाला खवचटपणे म्हटलं होतं, की एवढी मोठी इमारत, एवढे मजले, एवढ्या गाड्या, तर तुमचं हे आरोग्य मंत्रालय नक्की करतं तरी काय? मला वाटलं तो चिडेल. पण तो खरोखरच विचारात पडला आणि म्हणाला, “विचारतं.” मग जरा वेळाने म्हणाला, “निदान आमचा विभाग तरी.”

त्याचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीशेजारी होता. एके काळी तिथे टेबलाला टेबल लागलेलं असायचं म्हणे, आणि फोनवर इतकी बोंबाबोंब चालायची की शेजारचे विभाग तक्रार करायचे. नारू जसजसा कमी होत गेला तसतशी माणसंही कमी झाली. कुणी हिवतापाकडे गेलं, कुणी मधुमेहाकडे, कुणी निवृत्त झालं. माता-बाल विभागवाल्यांनी ‘तुम्हाला काय करायचाय’ म्हणत एक पंखा उचलून नेला, हिवतापवाल्यांनी कपाट नेलं. शेवटी उरलं एक टेबल, एक फोन, भिंतीवरचा देशाचा नकाशा आणि मामा. जिथे नारू असेल त्या गावावर लाल टाचणी टोचायची आणि गाव मोकळं झालं की ती काढायची, अशी पद्धत होती. मी तो नकाशा पाहिला तेव्हा त्यावर एकही टाचणी नव्हती. नुसती भोकं होती, आणि मामाला त्यातलं कुठलं भोक कुठल्या गावाचं ते पाठ होतं.

मंत्रालयात त्याला नारूसाहेब म्हणत. समोर आदराने, पाठीमागे हसून. आजार गेला तरी विभाग चालू, म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं कँटीनमध्ये बोलायचे. याचा मला अजून राग येतो. आजार गेला असं आपण म्हणून भागत नाही. जगभरातल्या तज्ज्ञांची एक समिती असते. सलग काही वर्षं देशात एकही रुग्ण सापडला नाही असं तिला पटवावं लागतं, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं. मध्ये एक जरी रुग्ण निघाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मामा दर महिन्याला प्रत्येक जिल्ह्याला फोन करायचा. नारू आहे का? नाही. संशय? नाही. ठीक. जो जिल्हा फोनच उचलत नाही, त्याच्यापुढे ‘नाही’ लिहायचं नाही, ‘कळले नाही’ असं लिहायचं. गप्प बसला म्हणजे ‘नाही’ म्हणाला असं होत नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. मग त्या जिल्ह्याच्या इतका हात धुऊन मागे लागायचा की तिथला माणूस वैतागून का होईना, बोलायचा.

मी नर्सिंग शिकायला शहरात आले तेव्हा आईने मला तिच्या या थोरल्या भावाकडे ठेवलं. त्यालाही सोबत होईल, असं ती म्हणाली. मला ते तेव्हा उगाच म्हटल्यासारखं वाटलं होतं. सरकारी वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, आणि त्यात मामी नव्हती. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी मुलाच्या शहरात गेली ती गेलीच. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जात होतं. भांडण नाही, तंटा नाही. तरुणपणी मामा सारखा दौऱ्यावर असायचा आणि मामी या दोन खोल्यांत मुलाला घेऊन एकटी बसायची. आता दौरे संपले आणि मामा एकटा बसला. फिट्टंफाट झाली, असं आई म्हणायची, पण म्हणताना तिचा चेहरा पडायचा. मामीचं कपड्यांचं कपाट होतं तसंच होतं. मला कपडे ठेवायला मामाने जागा करून दिली ती स्वतःच्या कपाटात, स्वतःचे चार शर्ट दाराच्या खिळ्याला लटकवून.

रविवारी सकाळी मामीचा फोन यायचा. तो पलीकडून काय ऐकायचा ते मला कळत नसे, पण अलीकडचं पाठ झालं होतं. बरा आहे. नाही, विशेष नाही. पोराचं ठीक? सूनबाई? बरं, ठेवतो. एकदा मी त्याला चिडवलं, की मामा, तू मामीला जिल्हा समजतोस, नुसता अहवाल घेतोस. तो हसला. मग मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, “आणि ती मधेच गप्प होते त्यापुढे काय लिहितोस? ‘नाही’ का ‘कळले नाही’?” तो उठला आणि पाण्याचं भांडं भरायला लागला, भरलेलंच होतं तरी. मी जिभेला हाड नसलेली मुलगी आहे हे आई सांगत आलीच आहे, पण त्या दिवशी मला स्वतःलाच ते लागलं.

मुलाकडे तो जाऊ शकत नव्हता असं नाही. मुलगा बोलवायचा, मामी बोलवायची. समिती येऊन जाऊ दे, मग येतो, असं मामाचं ठरलेलं उत्तर. तो एकदा जाऊन आला होता तेव्हाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या गेल्या त्याने सुनेला विचारलं, पाणी गाळून पिता ना? तिने बिचारीने त्याला भिंतीवरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र दाखवलं. मामाने यंत्राभोवती फिरून पाहिलं, छान आहे म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्याकडे विचारायला काही उरलंच नाही. चौथ्या दिवशी नातवाने आईला सगळ्यांसमोर विचारलं की हे आजोबा कधी जाणार. पोरगं लहान होतं, त्याच्या मनात काही नव्हतं. मामा दुसऱ्या दिवशी परतला, फोन करायचे राहिलेत म्हणून.

मी शिकून बाहेर पडले त्या वर्षी समिती येऊन गेली. सगळं मनासारखं झालं. आता फक्त शेवटचे काही महिने शांततेत जायला हवे होते, मग प्रमाणपत्र, मग विभाग बंद. मामाला निवृत्तीला अजून तीन-चार वर्षं होती. तेवढी त्याने मधुमेह विभागात काढायची असा हुकूमही निघाला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात तसंच हे, पण यात कुणाचं चुकलं म्हणायचं? वैद्यानेच तर गरज सरवली होती. मामाचं जेवण कमी झालं, आणि तो ऑफिसातून उशिरा यायला लागला. तिथे काम नव्हतं, मला माहीत होतं. तो त्या खोलीत नुसता बसत असावा.

आणि अशात एका दुपारी लांबच्या एका जिल्ह्यातून फोन आला. तिथल्या आरोग्य केंद्राचा तरुण डॉक्टर सांगत होता, की एका म्हाताऱ्या बाईच्या घोट्यावर फोड आहे आणि त्यातून पांढरा दोरा बाहेर आलाय. बाई म्हणते नारूच आहे, तिला पूर्वी झाला होता, ती ओळखते. पण ती पुरुषाला पायाला हात लावू देत नाही, आणि केंद्रातली नर्स रजेवर आहे.

मामाने मला विचारलं, येतेस का. मी रिकामीच होते, नोकरीसाठी अर्ज करून बसलेली. मी हो म्हटलं. मामा सामान भरायला लागला. स्पिरिटची बाटली, स्वच्छ कापड, मलमपट्टी, गुळगुळीत काड्या. आणि भरता भरता तो गुणगुणत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला आधी गंमत वाटली, मग एकदम संताप आला.

“मामा,” मी म्हटलं, “तुला तो आजार हवाय.”

तो थांबला. नाही म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं, माझी चूक झाली म्हटलं असतं. तो नाही म्हणाला नाही. बाटलीचं बूच घट्ट करत राहिला, आणि मला दिसलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. नारू निघाला तर प्रमाणपत्र लांबणार, विभाग चालू राहणार, आणि मामा त्याच खोलीतून, त्याच फोनसमोरून निवृत्त होणार. नाही निघाला तर महिन्याभरात ती खोली बंद. हे त्याला कळत होतं, आणि आता मलाही कळलं होतं.

सरकारी जीपने आम्ही निघालो. आजच्या मुलींना सांगून खरं वाटणार नाही एवढा खराब रस्ता होता, पण मामा प्रत्येक गाव ओळखत होता. इथे अमुक इतक्या घरांत नारू होता, इथल्या तळ्याला कठडा बांधायला लोक तयार नव्हते, इथे एका कुटुंबात सगळ्यांच्या पायाला काड्या होत्या. इथला मुखिया आधी शिव्या द्यायचा आणि मग जेवायला बसवायचा. तो इतका बोलला की ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मंत्रालयातला अबोल माणूस तो हाच का, असं त्याला विचारायचं असावं.

म्हातारीचं घर एका खोलीचं होतं. दारापाशी गावातली माणसं जमली होती, आत डॉक्टर घामाघूम होऊन उभा होता. अगदी कोवळा पोरगा. नारू त्याने पुस्तकातल्या चित्रातच पाहिला होता, आणि तो सारखी माफी मागत होता की मी नक्की सांगू शकत नाही. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू पाहिलेला नाहीस हेच चांगलं आहे,” मामा म्हणाला. “आणि नक्की माहीत नसताना कळवलंस, हे त्याहून चांगलं. असंच करायचं.” पोराचा जीव भांड्यात पडला.

म्हातारी खाटेवर बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेले कपडे, पाहुणे येणार असल्यासारखी. तिने आमच्याकडे नीट न्याहाळून पाहिलं आणि सरकून मला जागा दिली. मी सगळ्या पुरुषांना दाराबाहेर काढलं. मामाला तेवढं तिने राहू दिलं, तो साहेब असल्यामुळे. मी तिचा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर जखम होती, चांगलीच लाल, सुजलेली, आणि मधोमध खरोखर एक पांढरा दोरा लोंबत होता. मामा वाकून बघत होता. त्याचा श्वास मला माझ्या मानेवर जाणवत होता. मी कोमट पाण्याने जखम धुतली, काडी लावली आणि शिकवलं होतं तसं अगदी हळू गुंडाळायला लागले.

तो तुटला नाही. अडलाही नाही. दोन वेढ्यांत सबंध बाहेर आला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ होती.

पिठाच्या पोत्याचं तोंड शिवतात तसला तो दोरा. म्हातारीने कुठूनसा उसवून काढून, भाजल्यामुळे आलेल्या फोडात खुपसला होता, आणि घसरून पडू नये म्हणून टोकाला गाठ मारली होती. डॉक्टरला तिने पायाला हात का लावू दिला नव्हता, तेही आता कळलं. मी मामाकडे पाहिलं. त्याला दिसलंच होतं. म्हातारी भिंतीकडे बघत होती.

तिला फैलावर घ्यायला मी तोंड उघडलंच होतं, कारण पाय सडला असता, जीव गेला असता तिचा या थेरांपायी. मामाने मला हाताने थांबवलं आणि जमिनीवर बसला. तिला त्याने हे का केलं असं विचारलं नाही. आयुष्यभर प्रश्न विचारून त्याला एवढं कळत असावं की काही प्रश्न न विचारताच उत्तर मिळतं. तो नुसता बसून राहिला, आणि बऱ्याच वेळाने म्हातारी बोलली.

“मला खरा झाला होता तेव्हा तुमचा एक माणूस यायचा,” ती म्हणाली. “काटकुळा होता. रोज यायचा, रोज एक वेढा गुंडाळायचा. घाई करायची नाही आजी, म्हणायचा. तेव्हा मी आजी नव्हते, तरी म्हणायचा. बरा झाला पाय, तरी यायचे तुमचे लोक. पाणी गाळता का, पाय दाखवा, घरात कोण कोण आहे. मग यायचे बंद झाले.”

“गाव मोकळं झालं म्हणून,” मामा म्हणाला.

“ते झालं खरं. पण मी इथेच होते.”

मग तिने थोडक्यात सांगितलं. नवरा गेला, मुलगी लांब दिलेली, तिचं तिला पुरेनासं. शेजारी वाईट नाहीत. “पण आजारी माणसाला विचारतात हो साहेब. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं? आता बघा, दोन दिवस झाले, सगळं गाव दारात आहे.”

मामाने काडीला गुंडाळलेला दोरा हातात घेतला. दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली होती. नियम असा होता की तपासायला गेलेला अधिकारी ‘संशय’ म्हणाला तर नमुना बाटलीत बंद करून प्रयोगशाळेला जायचा, आणि तिचा निकाल येईपर्यंत सगळं अडकायचं. समितीचा निर्णय, प्रमाणपत्र, विभाग बंद करण्याचा हुकूम, सगळं. सरकारी प्रयोगशाळेचा निकाल यायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय मधे देश नारूमुक्त नाही असं जगभर गेलं असतं, त्याची चौकशी, पुन्हा गावोगावी माणसं, पुन्हा फोन.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “बाटलीत टाकू का गं?” त्याने विचारलं.

आईशपथ सांगते, मला त्या क्षणी देश दिसला नाही. मला दाराच्या खिळ्याला लटकणारे त्याचे चार शर्ट दिसले. ज्या मुलीने त्याला घरातून निघताना आरोपी केलं होतं तीच मी म्हटलं, “टाक. पाठव. काय असेल ते त्यांना सांगू दे.”

तो हातातल्या काडीकडे बघत राहिला. बाहेर डॉक्टर कुणाला तरी गर्दी करू नका म्हणून सांगत होता.

“गाठ आहे गं तिला,” मामा म्हणाला, आणि त्याने बाटली खाली ठेवली.

म्हातारीचं नाव खराब होऊ नये म्हणून त्याने बाहेर येऊन सांगितलं की भाजल्याची जखम आहे, चिघळली आहे, दोरा पट्टीचा आहे, नारू नाही. यात खोटं एकच होतं, ते पट्टीचं. डॉक्टरला खरं बाजूला घेऊन सांगितलं, आणि रोज पट्टी बदलायला कुणीतरी पाठव असं बजावलं. निघताना म्हातारीने विचारलं की पुन्हा कधी येणार. मामाला खोटं आश्वासन देता येत नव्हतं. आता कुणी येणार नाही, तो विभागच बंद होतोय, असं त्याने तिला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तुमचं हो काय?” मामा नमस्कार करून जीपमध्ये बसला.

परतीच्या वाटेवर त्याने गावं ओळखली नाहीत. अंधार पडायच्या सुमारास एवढंच म्हणाला, की मला तिचा राग आला नाही, तो दोरा निघाला याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली. मी त्याचा हात धरला. माझा मामा आणि मी, आमच्यात असं हात वगैरे धरायची रीत नव्हती. त्याने थोडा वेळ राहू दिला.

प्रमाणपत्र आलं. मंत्रालयात समारंभ झाला, भाषणं झाली, मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांचे आभार मानले. मामा मागच्या रांगेत होता आणि मनापासून टाळ्या वाजवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग विभागाला कुलूप लागलं आणि तो मधुमेहाकडे गेला. तिथे कुणाला फोन करावा लागत नाही, आकडे आपोआप संगणकावर येतात. नवा महिना लागला तशी त्याने सवयीने एका जिल्ह्याला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, साहेब, आता गरज नाही. मामा म्हणाला, ते माहीत आहे, तू कसा आहेस? पलीकडचा इतका गांगरला की त्याने साहेबांची तब्येत बरी आहे ना म्हणून मंत्रालयात दुसऱ्या कुणालातरी फोन केला. त्यावरून मधुमेह विभागात बरीच हसाहस झाली. त्यानंतर मामाने कुणाला फोन केला नाही.

मलाही तोवर नोकरी लागली होती, त्याच आरोग्य केंद्रात. रजेवर गेलेली नर्स परत आलीच नाही आणि त्या डॉक्टरने माझं नाव सुचवलं. माझे कपडे मी मामाच्या कपाटातून काढले तेव्हा तो म्हणाला, जागा राहू दे, तू येशील. म्हातारीची पट्टी मीच बदलत होते. जखम भरली तरी जाता-येता मी डोकावायचे, पण नर्सला चाळीस घरं असतात, आणि खरं सांगायचं तर काही आठवडे मी गेलेच नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मामा न कळवता येऊन उभा राहिला. बसने आला होता, हातात पिशवी, शर्टाला धूळ. मला वाटलं काही वाईट घडलं. नाही म्हणाला. मामीकडे जाणार होतास ना या सुट्टीत, मी विचारलं. पुढच्या वेळी जाईन म्हणाला. मग म्हणाला, त्या बाईंच्या घरी येतेस का जरा.

म्हातारी दारातच बसली होती. आम्हाला पाहून तिने पहिलं काय विचारलं असेल, तर गावात पुन्हा काही आजार आला का.

“नाही,” मामा म्हणाला. “सहज आलो.”

तिला ते समजलं नाही. मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, की सरकारी माणूस सहज येतो हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. मामाच्याही तोंडात तो शब्द परक्यासारखा आला होता. त्याने उभ्या जन्मात कुणाच्या दाराशी सहज पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं आता तो निघतो. तेवढ्यात म्हातारी आत जाऊन खाटेवर बसली, तिने कपडा घोट्याच्या वर घेतला आणि पाय पुढे केला.

मी तिला सांगणार होते की अहो आजी, ते तुम्हाला भेटायला आलेत. पण मामा पिशवी बाजूला ठेवून खाली बसला होता. त्याने तिचा पाय दोन्ही हातांत घेतला. जखमेची खूणसुद्धा आता धड दिसत नव्हती. तरी त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, टाच वळवून पाहिली, दुसरा पाय मागून घेतला, तोही पाहिला. दुखतं का, झोप लागते का, पाणी गाळून पिता का, जेवण कोण करतं. ती एकेक सांगत होती, सविस्तर, मधे मधे मुलीची तक्रारही. मी दाराला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं, आणि का येतंय ते नीट कळत होतं.

“बरा आहे पाय,” शेवटी मामा म्हणाला. मग तो जरा अडखळला. “पण पुढच्या महिन्यात परत बघावा लागेल.”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मी नर्स म्हणून. मी म्हटलं, हो, बघावा लागेल.

“मग या,” ती पाय झाकत मामाला म्हणाली. “सकाळचे या पण. दुपारी मी झोपते.”